भाकड विमान

आमच्याकडे विमान होतं, हे मी परभणीत आपणहून कुणाला सांगत नसे. सांगायची गरजही नव्हती. भाजीवाल्यापासून गणपतीच्या मंडळापर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं. ‘विमानवाल्या वहिनी आल्या’ म्हटलं की मेथीची जुडी तिथल्या तिथं महाग व्हायची. वर्गणीची पोरं आमच्या फाटकाशी यायची ती आकडा घालून, पावती फाडूनच. मी म्हणायची, अरे, मागच्या वर्षी एवढी कुठं होती? तर म्हणायची, “काकू, विमान हाय की तुमच्याकडं.” जसं काही ते विमान कोंबडीसारखं बसून रोज नोटा घालत होतं.

घालत नव्हतं. खात होतं. आणि खाऊन उडतही नव्हतं, हे माझं खरं दुखणं.

आमच्या ह्यांचा एमआयडीसीत पाइपांचा कारखाना आहे. ठिबकचे, तुषारचे, बोअरचे. पन्नाशीला आली की माणसं गुडघ्याला तेल लावतात, फार तर काशीला जाऊन येतात. ह्यांनी विमान चालवायचा परवाना काढला. तरुणपणी हैदराबादेला शिकत असताना एका फ्लाइंग क्लबच्या कुंपणाबाहेर उभे राहायचे म्हणे, तेव्हापासूनचं मनात होतं. माणसाच्या मनात काय काय असतं, ते लग्नाआधी विचारून घ्यावं. मी फक्त पत्रिका बघितली.

परराज्यातला एक क्लब बंद पडला आणि त्यांचं जुनं विमान विकायला निघालं. दोन माणसांचं, एवढंसं. पंख वरती, छपरासारखे, आणि पंखांना आधार म्हणून दोन्ही बाजूंनी पोटाकडे आलेला एकेक तिरपा दांडा. ते आलं त्या दिवशी मी पेढे वाटले, हे खोटं कशाला सांगू. शेजारच्या जिल्ह्यात, पूर्णेच्या पुढं, एक छोटी धावपट्टी आहे. तिथं भाड्याच्या शेडमध्ये ते उभं राहिलं. पांढरं, निळा पट्टा असलेलं, दिसायला गोड. म्हैस घेतानाही आपण आधी शिंगंच बघतो.

माझे वडील, म्हणजे आप्पा, चारठाण्याला माझ्या भावाकडे असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. आता ऐंशीच्या पुढं आहेत, कान गेलेत, पण वाचायला चष्मा लावला की ठणठणीत. हे लिहिलेलंही वाचतील आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढून मला फोन करतील. विमान घेतल्याचं सांगायला आम्ही गेलो तेव्हा ते ओसरीवर बसले होते. ह्यांनी मोबाइलमधला फोटो दाखवला. आप्पांनी तो बराच वेळ बघितला, बोटानं मोठा केला, परत लहान केला आणि म्हणाले, “मेल्यावर बसिवतेतच की मला विमानात. पर तवा डोळे झाकलेले असतेत. एकदा उघड्या डोळ्यानं बसायचंय जावईबापू.”

ज्यांच्यात ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. बांबूचा सांगाडा बांधतात, त्याला केळीचे खांब, झेंडूच्या माळा, वर कमान. आत पाठीला टेका देऊन, कपाळाला विभूती लावून माणसाला बसवतात आणि खांद्यावर घेऊन निघतात. त्याला विमान म्हणतात. दुसरा शब्दच नाही. अमक्याचं विमान किती वाजता, असंच विचारतात. खांदा द्यायला मुलगे, पुतणे, जावई. लेकींनी, सुनांनी मागून चालायचं, तेही वेशीपर्यंत. आईच्या वेळी मी वेशीतून मागं फिरले होते. पुढं काय झालं ते मला भावानं सांगितलं.

आप्पांचं ते बोलणं ऐकून हे मनापासून हसले आणि म्हणाले, “आप्पा, पहिली चक्कर तुमचीच. चारठाण्यावरून नेतो. वरून देवळं दाखवतो.” आप्पांनी हात जोडले. त्या दिवसापासून माझ्यापुरता त्या विमानाचा एकच उपयोग होता. बाकी ते गंजलं असतं तरी मला चाललं असतं.

आता पहिल्या चकरेची गंमत ऐका.

विमान नावावर व्हायलाच कितीतरी दिवस गेले. ह्या खात्याचा कागद त्या खात्याला, त्या खात्याचा दिल्लीला, दिल्लीचा परत आमच्याकडे, कारण एका जागी आडनावाचं स्पेलिंग वेगळं. तोवर शेडचं भाडं चालू. विमा चालू. विमा कशाचा, तर उभ्या विमानाचा. भाकड म्हशीला दूध नसलं तरी वैरण लागते, तसं. पण म्हैस निदान शेण तरी देते.

मग नाव झालं तर टायर. मग टायर आला तर नळी. इंजिनाला एक रबरी नळी असते, पेट्रोलची. तिचं वय झालं म्हणे. मी बघितली, चांगली मऊसूत होती, कुठं भेग नाही. ह्यांना म्हटलं, आपला कारखाना पाइपांचा, आख्ख्या मराठवाड्याला नळ्या पुरवतो आपण, त्या एका वीतभर नळीचं काय घेऊन बसलात? तर म्हणे, तिच्यावर शिक्का लागतो. तसली नळी बसस्टँडमागच्या दुकानातही मिळते, पण शिक्क्याची नळी समुद्रापलीकडून येते. आली, तोवर दुसरी एक नळी म्हातारी झाली.

इंजिनाचं तर विचारूच नका. त्याचं वय तासांवर मोजतात आणि वर्षांवरही, जे आधी भरेल ते. म्हणजे उडवा, नाहीतर उदबत्ती लावून समोर बसा, इंजिन आपलं म्हातारं होतंच. हे कळलं त्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, मग ह्याच्यापेक्षा माझ्यावर खर्च केला असता तर काय बिघडलं असतं, म्हातारी मीही होतेच आहे.

दर वर्षी तपासणीला मोठ्या शहरातून एक इंजिनियर यायचा. त्याच्याशिवाय दुसऱ्याची सही चालत नाही. त्याची तारीख मिळवायची म्हणजे मुलीसाठी स्थळ बघण्यापेक्षा अवघड. तो आला की आमच्याकडे उतरायचा, कारण धावपट्टीजवळच्या लॉजमध्ये त्याला ढेकूण चावले होते. त्याला तिखट चालायचं नाही. शेंगदाण्याची चटणी बघूनच त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी त्याच्यासाठी वेगळी, पांढरी भाजी करायची. आणि तो सकाळी जाऊन, विमानाचं पोट उघडून, अंधार पडताना परत यायचा आणि माझी पांढरी भाजी खाऊन सांगायचा, “मॅडम, एअरक्राफ्ट एकदम मस्त आहे. पण उडवता येणार नाही.”

एकदा तर कुंभारणीनं अडवलं. कुंभारीण म्हणजे ती मातीचं घर बांधणारी माशी. विमानाच्या पंखाखाली एक बारीक नळी असते, वारा आत जातो आणि वेग कळतो. तिच्यावर लाल कापडाची टोपी घालून ठेवायची असते. टोपी कुठं पडली कुणास ठाऊक, आणि कुंभारणीनं त्या नळीत घर बांधलं. सगळं ठरलेलं, आप्पा चारठाण्याहून निघायच्या बेतात, अंगात कोट चढवलेला, आणि ह्यांचा फोन आला की नळी बुजली. टाचणीनं काढा की! तर टाचणी चालत नाही. इंजिनियर लागतो. मी रागाच्या भरात माझ्या जुन्या लाल लुगड्याच्या काठाची टोपी शिवून दिली, चांगली नाडी लावून. त्या विमानात माझी म्हणून तेवढीच एक वस्तू होती.

कारण मी स्वतः त्यात कधी बसलेच नाही. हे एकटे सरावाला उडायचे, तेवढ्यापुरतं विमान कधी कधी बरं असायचं. एकदा म्हणाले, चल. मी पदर खोचून निघाले तर विमानाजवळ ह्यांनी वही काढून माझं वजन विचारलं. सांगितलं. ह्यांनी बेरीज केली, डोकं खाजवलं आणि तिथं उभ्या असलेल्या चौकीदारासमोर म्हणाले, “मग पेट्रोल अर्धंच घ्यावं लागेल.” मी चालत गाडीत येऊन बसले. तो विषय मी परत काढू दिला नाही.

ह्यांचे रविवार त्या शेडमध्ये जायचे. लग्नं, बारशी, कुणाचं दवाखान्यात बघायला जाणं, सगळीकडे मी एकटी. “जावई कुठंयत?” “विमानापाशी.” हे उत्तर द्यायला मला लाज वाटायची, कारण ऐकणाऱ्याला वाटायचं मी मिरवते आहे. एका चुलत नणंदेनं मुलाच्या वरातीवर वरून फुलं टाकायला सांगितलं. नाही म्हटलं, तर अजून आमच्याशी बोलत नाही. एक शेतकरी तर तूर फवारून द्या म्हणून कारखान्यात येऊन बसला. त्याला सगळं समजावून सांगितल्यावर म्हणाला, “मग घेतलंय कशाला वं?” मला त्याचे पाय धरावेसे वाटले.

आणि दर आठवड्याला आप्पांचा फोन. त्यांना ऐकू येत नाही म्हणून तेच बोलायचे. “काय माय, विमान निघायलंय का?” मी ओरडून सांगायची, अजून नाही आप्पा, पुढच्या महिन्यात. “बरं बरं. मी कुठं जायलोय.” फोन ठेवला की मी भांडी आपटायची. ऐंशीच्या पुढच्या माणसाला ‘पुढच्या महिन्यात’ सांगणं म्हणजे काय, ते त्या नळीवाल्यांना कुठलं कळायला.

शेवटी एका हिवाळ्यात सगळं जमलं. टायर, नळ्या, विमा, सही, ह्यांचा तब्येतीचा दाखला, सगळं एकाच वेळी जिवंत. आकाश निरभ्र. रविवारी सकाळची परवानगी मिळाली. त्या दिवशी धावपट्टी दुपारच्या आत बंद होणार होती, तेवढं सोडलं तर अडचण म्हणून काही उरलीच नव्हती. मी आदल्या दिवशीच चारठाण्याला गेले. पहाटे आप्पांना गाडीत घालायचं, धावपट्टीवर न्यायचं. हे तिथं आधीच जाऊन थांबणार.

संध्याकाळी भावाला आनंद आवरेना. चांगला शिकलेला आहे, कृषी केंद्र चालवतो, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर लोकांना वाचून दाखवतो. त्यानं भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकलं: “आप्पांचं विमान उद्या सकाळी निघेल. सर्वांनी यावे.” खाली हात जोडल्याचं चित्र. आणि मोबाइल चार्जिंगला लावून झोपला.

पहाटे मी चहा ठेवला होता. आप्पा आंघोळ करून, विभूती लावून, कोट घालून ओसरीवर खुर्चीत बसलेले. बाहेर जीप थांबली. मग दुसरी. मग बायकांचा गळा काढल्याचा आवाज. मला वाटलं शेजारी कुणी गेलं. मी दारात आले तर सेलूची आत्या, आप्पांची थोरली बहीण, दोन्ही बाजूंनी सुनांनी धरलेली, छाती बडवत अंगणात शिरत होती. “माझ्या आधी कसा रं गेलास! कालपरवा बोललास की रं माझ्याशी!” मागं पन्नासभर माणसं. देवगाव फाट्यावर उतरून घेतलेले हार, बेलाच्या पाट्या. एकानं तर ट्रॅक्टरमध्ये केळीचे खांब घालून आणले होते.

आत्या ओसरीपर्यंत आली आणि समोर आप्पा बशीतून चहा पीत बसलेले. कपाळाला विभूती, पाठ ताठ, गळ्यात तेवढी माळ नव्हती. आत्याचा आवाज मध्येच थांबला. तिनं डोळे बारीक केले, जवळ आली, आप्पांच्या गालाला हात लावला.

“मेल्या,” ती म्हणाली, “तू तर जिता हायस!”

आप्पांना ऐकू आलं नाही. त्यांना वाटलं सगळे त्यांना पोचवायला आलेत. एवढे लोक बघून ते हरखले. बशी खाली ठेवून म्हणाले, “कशाला एवढा तरास घेतला रे सगळ्यांनी? सांजच्याला परत येणारच की मी.” हे ऐकून मागच्या दोन बायका पुन्हा रडायला लागल्या.

तेवढ्यात गर्दीतून आप्पांचे शाळेतले जुने सोबती पुढं आले. तेही निवृत्त मास्तर. बौद्ध घरातले, आमच्या ग्रुपवर नसलेले, पण आप्पांच्या रोजच्या गप्पांमुळे विमान कोणतं ते नीट माहीत असलेले. हातात मफलर आणि आलेपाकाची पुडी. मातीला जमलेल्या त्या सगळ्या लोकांमध्ये उभं राहून ते मोठ्यानं म्हणाले, “चला गुरुजी, उशीर नको. वर गार लागतंय म्हनं, हे गळ्याला गुंडाळा.” लोकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते बिचारे मफलर हातात धरून तसेच उभे राहिले.

भाऊ तोंड लपवून गोठ्यात गेला. मी जमलेल्यांना घसा फोडून खुलासा केला. कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं अंगण हसायला लागलं. मीही हसले, कशाला खोटं बोलू. पण माझा एक डोळा घड्याळाकडे होता. ह्यांचा फोन वाजत होता. “निघालात का?” निघतोच, म्हटलं. पण मातीला आलेली माणसं घरून काही न खाता निघालेली असतात. जित्या माणसाच्या दारातून त्यांना उपाशी पाठवायचं कसं? वहिनीनं पोहे भिजवले. शेजारच्या तीन घरांतून कढया आल्या. मी एका हातानं कांदा कापत होते, दुसऱ्या हातानं फोन कापत होते.

तरीही वेळ होता. मी आप्पांना उठवलं, गाडीकडे न्यायला लागले. तर आत्या अंगणाच्या दारात, उंबऱ्यात बसलेली. आडवी. पाय पसरून.

“आज ह्याला उंबरा वलांडू द्यायची न्हाई मी,” ती म्हणाली. “ह्याच्या नावानं विमानाचा बोभाटा झालाय. हार आलेत. केळी तोडल्यात. अन् त्याच दिवशी ह्यानं विमानात बसायचं? देव म्हणंल, बसलाच हाय तर येऊ दे वर.”

मी तिला समजावलं. विनवलं. शेवटी ओरडले. आत्याबाई, हे दुसरं विमान आहे, इंजिनाचं आहे, ह्याच्या एका दिवसासाठी आम्ही वर्षानुवर्षं मरतोय. ती म्हणाली, “मर. पर माझ्या भावाला न्हाई मरू द्यायची.” अफवा उठली की आयुष्य वाढतं म्हणतात ना, मी म्हटलं. “घरात बसलं तर वाढतंय,” ती म्हणाली. आणि आप्पा, ज्यांनी आयुष्यभर पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावले, ते तिच्याकडे बघून कोटाची बटणं काढायला लागले. “थोरली हाय,” ते मला म्हणाले. “आईच्या मागं तिनंच वाढिवलंय मला. पुढच्या रैवारी जाऊ.”

आलेल्या हारांचं काय करायचं ह्यावर मग सगळ्यांनी चर्चा केली. आप्पांना घालता येईनात, परत नेता येईनात. शेवटी ते देवळात दिले आणि केळीचे खांब म्हशीला टाकले. मी मागच्या दारी जाऊन रडले. त्या दिवशी सगळ्यात जास्त रडलेली मीच असेन, आणि माणूस तर जिवंत होता.

पुढचा रविवार आला नाही. त्या आठवड्यात ह्यांची तपासणी होती, तीत साखर निघाली. साखर निघाली की दाखला थांबतो, दाखला थांबला की परवाना थांबतो. पांढरी भाजी आता ह्यांच्यासाठी सुरू झाली. साखर आटोक्यात येईपर्यंत विम्याची तारीख गेली. विमा भरणार तोवर इंजिनियर म्हणाला, इंजिनाचं वय भरलं, आता ते उतरवून परदेशी पाठवायचं. त्याचा खर्च ऐकून ह्यांनी वही मिटून ठेवली. विमानाच्या किमतीपेक्षा जास्त होता. एका रात्रीत केस पांढरे झाले असं म्हणत नाही मी, ते आधीच झाले होते. पण सकाळी चहाच्या वेळी म्हणाले, “विकून टाकू.”

इतकी वर्षं मी हेच ऐकायला टपले होते. ऐकलं आणि अशी चिडले की कप फुटला. आणि आप्पा? मी विचारलं. हे कपाचे तुकडे गोळा करायला लागले.

घेणारा परराज्यातला होता. पंख काढून ट्रकवर घालून नेणार होता. मी आप्पांना फोनवर सांगितलं, ओरडून, दोनदा. तर म्हणाले, “उडत नसंना का. बसता तर येतंय का?”

ट्रक यायच्या आदल्या दिवशी आम्ही त्यांना घेऊन गेलो. मी, भाऊ, आणि हे. आत्याला सांगितलं नाही. आप्पांनी तोच कोट घातला होता, गळ्यात मित्राचा मफलर. पेट्रोल काढून टाकलं होतं, बॅटरी उतरवलेली. म्हणजे पंखाही फिरणार नव्हता. ह्यांनी आणि भावानं त्यांना उचलून आत बसवलं. पाठीला उशी दिली, पट्टा बांधला, दार लावलं. आप्पांनी काचेतून समोर बघितलं. समोर शेडची पत्र्याची भिंत होती.

ते मला सहन झालं नाही. “एवढं सगळं करून त्यांना काय पत्रा दाखवता?” मी ह्यांना म्हटलं. “बाहेर काढा.”

चौकीदाराला विचारलं. शेडपासून समोरच्या पिवळ्या रेषेपर्यंत ढकलत नेता येईल, म्हणाला. रेषेच्या पुढं धावपट्टीचा रस्ता, तिथं जायचं नाही. हे शेपटीपाशी गेले, तिथून वळण देतात. भाऊ पंखाखाली त्या बाजूच्या तिरप्या दांड्याला लागला. ह्या बाजूला कुणीच नव्हतं. मी हातानं ढकलून बघितलं, हललं नाही. मग पदर खोचला, वाकले आणि दांड्याखाली खांदा घातला.

हललं. आधी जड, मग चाकं फिरली आणि सोपं गेलं. पत्र्याची सावली मागं पडली, ऊन आलं. माझ्या नाकासमोर ती वाऱ्याची नळी होती, तिच्यावर माझ्या लुगड्याची लाल टोपी. कमरेतून कळ निघत होती आणि मला विलक्षण राग येत होता. ह्यांचा, आत्याचा, भावाच्या त्या जोडलेल्या हातांचा, शिक्क्यांचा, कुंभारणीचा. ह्यासाठी एवढं केलं? चार पावलं ढकलण्यासाठी?

मग मी वर बघितलं. आप्पा काचेतून माझ्याकडे बघत होते. पाठ ताठ, कपाळाला विभूती, डोळे टक्क उघडे. भाऊ त्या बाजूनं माझ्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा कसा तरी झाला होता, तेव्हा मला कळलं आम्ही दोघं काय करतोय ते. आप्पांना ते आधीच कळलं होतं. त्यांनी काच उघडली.

“लेकीचा बी खांदा लागला की,” ते म्हणाले. “सावकाश चल माय. मला बघू दे.”

मी सावकाश चालले. मागून ह्यांचा आवाज आला, “थांबा, रेषा आली.”

आप्पांना ऐकू आलं नाही. मला आलं होतं. मी खांदा काढला नाही.